पाठीवरची चेन

घटस्फोटाच्या कागदांवर सह्या करायला दोघं एकाच स्कूटरवरून निघाले, कारण घरात स्कूटर एकच होती. शिनचू शहराचा वारा समोरून अंगात शिरतो म्हणून वेनलुंगने नेहमीसारखं जाकीट उलटं घातलं, चेन पाठीवर. ती लावायला मागे माणूस लागतं. बारा हिवाळे पेइशान लावत आली होती. आज ती हाताची घडी घालून बसली. जाकिटाचा फुगा झाला.

"थंडी वाजतेय?"

"छे," तो कुडकुडत म्हणाला.

दुसऱ्या सिग्नलला चेन सर्रकन मानेपर्यंत वर गेली. "उद्या तापाने फणफणलास, की माझ्याच नावाने खडे फोडशील."

पाठीला ऊब आली आणि त्याला जास्तच वाईट वाटलं.

कचेरीच्या दारात स्कूटर लावून तो उतरला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. "काढ आता. असा उलटा जाऊ का आत?"

चेन हलली नाही. त्याने वळून पाहिलं. पेइशान सीटवरून उतरलीच नव्हती.

"घरी गेल्यावर काढते," ती म्हणाली. "बस पुढे. आणि वाटेत आलं घ्यायचंय, संपलंय."