सावलीचा रकाना

सोलर पॅनेलच्या पाठीला लावायची शीट जालन्याच्या लॅबमधल्या वाफेच्या चेंबरमधून बाहेर आली. पंचवीस वर्षांचा ऊन-पाऊस महिन्याभरात भोगूनही ना तडा, ना पिवळेपणा. फक्त सावली पडेना. टेस्ट करणाऱ्या दीपमालानं ती उन्हात धरली, तर जमिनीवर दीपमालाची सावली रिकामे हात वर करून उभी. ती लॅबच्या साहेबांकडं वळली. "साहेब, पास कशी करू? हा माल आमच्या कुंभार पिंपळगावला चाललाय. बाबा पॅनेलखालीच भाकर खातात." "फॉर्मात सावलीचा रकाना हाय का? न्हाई. मंग जल्दी सही कर, गाडी भरलीय." "तुम्हीच धरून बघा." साहेबांनी शीट डोक्यावर धरली. जमिनीवर काळाभोर चौकोन उमटला. "पडली की बराबर!" चौकोनाखाली साहेबांच्या सावलीचं डोकं नव्हतं, पाय नव्हते. साहेबांनी शीट खाली ठेवली, तरी त्यांची सावली परतली नाही. दीपमालानं 'नापास' लिहिलं आणि कारणापुढं साहेबांचं नाव टाकलं.