पाहुण्यांचा चेंडू

शाल्वानं बापाला बेसबॉलच्या मैदानावर आणलं ते खेळ दाखवायला नव्हे, घरातलं बोलणं टाळायला. म्हाताऱ्या तेमुरला हे पहिल्याच डावात कळून चुकलं. जॉर्जिया देशातल्या खेड्यातून म्हातारा शिकागोला आला होता तो एकाच कामासाठी, पोराला सोबत न्यायला. पोराची आई मझिया अंथरुणाला खिळली होती. यंदाची द्राक्षं उतरेपर्यंतही ती टिकायची नाही, असं डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं. विमान उद्याचं.

म्हाताऱ्यानं विषय काढला की शाल्वा म्हणे, हा डाव संपू दे. डाव संपला की बिअर आणायला उठे. खेळ तर तेमुरला ओ की ठो कळत नव्हता. एकजण फेकतोय, एकजण हुकतोय, बाकीचे उभ्या उभ्या थुंकताहेत. यासाठी पोरगं इतकी वर्षं इथं राहिलं?

तेवढ्यात पाहुण्या संघाच्या गड्यानं बॅट फिरवली. चेंडू आभाळात चढला आणि थेट या बापलेकांच्याच बाकांवर आला. सगळ्यांचे हात वर झाले. तेमुरनं आपली टोपी पुढे केली आणि चेंडू अलगद टोपीत! या माणसाला जन्मात काही आयतं मिळालं नव्हतं. तो लहान मुलासारखा हसला. मझियाच्या उशाशी ठेवू, म्हणू, बघ, तुझ्या लेकाच्या गावचा आहे.

पण टाळी एकही वाजेना. उलट सगळे उठून त्याच्यावर ओरडायला लागले. शेजारचा जाडा तर मैदानाकडे बोट नाचवत होता.

"बाबा, परत फेका तो," शाल्वा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "त्यांनी मारलेला आहे. आमच्याकडे पाहुण्यांचा चेंडू कुणी ठेवत नाही."

"तुझ्या आईला नेतोय मी."

"दुकानातून दुसरा घेऊन देतो. फेका ना, सगळे बघताहेत."

तेमुरनं चेंडू घट्ट धरला. "फेकतो. तू येतोस उद्या?"

शाल्वानं मान फिरवली. ओरडा वाढतच चालला होता.

"आधी फेका, बाबा."

म्हाताऱ्यानं फेकला. म्हातारा हात तो, चेंडू कसाबसा कठड्यापलीकडच्या गवतावर जाऊन पडला. पण काय तो जल्लोष! अनोळखी माणसं त्याची पाठ थोपटत होती. जाड्यानं आपल्या शेंगदाण्यांची पिशवीच त्याच्या हातात कोंबली. शाल्वानं तर बापाला मिठी मारली. आल्यापासून पहिल्यांदाच.

"आता तुम्ही आमच्यातले झालात," तो म्हणाला. आनंदानं त्याचा आवाज चिरकला होता.

तेमुर पोराच्या खांद्यावरून गवताकडे बघत राहिला. मग त्यानं रिकामी टोपी झटकून डोक्यावर घातली.

"हा डाव संपला की बोलू हं, बाबा. नक्की."

"नको," तेमुर म्हणाला. "जा, बिअर घेऊन ये."

शाल्वा सुटल्यासारखा उठला आणि भराभरा पायऱ्या उतरून गेला.