तिसऱ्या मजल्यावरचा रेडा

“हवालदारसाहेब, तुमचा जन्मात विश्वास बसणार नाही, पण लिहून घ्या. रेडा जिना चढून तिसऱ्या मजल्यावर आला. त्याने मला भिंतीशी दाबलं आणि छातीत अशी धडक मारली की तीन बरगड्या काटक्यांसारख्या मोडल्या. एक फुफ्फुसात घुसली, हवा छातीत कोंडली, मी काळानिळा पडलो. डॉक्टरांनी कुशीत भोसकून नळी घातली, तेव्हा कुठे श्वास आला.” बोलताना माझ्या नळीतली हवा खाटेखालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडत होती. हवालदार म्हणाला, “आजोबा, रेडा की मुलगा?” “छे! पोरगं माझं गोगलगाय. त्यानेच शिंगं धरून रेडा खाली ढकलला.” मी हसलो तशी बाटली खदखदली. उशाशी उभ्या सुनेने सुजलेल्या ओठांवरचा हात काढला. “पुरे मामंजी. साहेब, रेडे बूट घालत नाहीत. माझ्या नवऱ्याच्या बुटाचा ठसा यांच्या छातीवर आहे, माझ्या पाठीवरही.”