बोलायला बंदी

दूध उतू जात होतं आणि तिला ओरडता येत नव्हतं. ती स्टुलावर चढून पडद्याची दांडी धरून उभी होती. तिने पाय आपटले, दांडी भिंतीवर बडवली. शेवटी पायातली सपात भिरकावली. ती नवऱ्याच्या वर्तमानपत्राला लागली. त्याने मान वर केली तोवर दुधाने शेगडी विझवली होती.

घशातली बारीकशी गाठ काढून दोनच दिवस झाले होते. एकवीस दिवस एक शब्द नाही, कुजबुजही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "आवाज परत येईल का, ते तेव्हाच कळेल. तोवर ते ना माझ्या हातात, ना तुमच्या."

ती रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायची. एकोणीस वर्षं. आवाज नाही आला तर पार्सलच्या खिडकीत बसवू, असं साहेबांनी गोड शब्दांत सांगितलं होतं. ती घरीही तशीच बोलायची, फक्त गाड्यांऐवजी विषय धावायचे. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. लग्न जमवताना मावशी म्हणाली होती, "मुलगा शांत आहे हो." शांत कसला, कुलूप होतं नुसतं.

पहिले तीन दिवस जेवताना फक्त चमच्यांचा आवाज. दिवसातून दहा वेळा ती आरशासमोर आ वासून बघायची, जणू आवाज आत बसलेला दिसणार होता. चौथ्या दिवशी नवरा खाकरला.

"आज दुकानात एक आजोबा आले होते."

एरवी त्याचं पुढचं वाक्य येईपर्यंत तिची चार झाली असती. आज तिचा नाइलाज होता. ती बघत राहिली. बराच वेळ गेला. मग दुसरं वाक्य आलं.

"चष्मा हरवला म्हणून भांडत होते. डोक्यावरच होता."

ती आवाज न करता इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्याने मालकाची नक्कल करून दाखवली. तिसऱ्या आठवड्यात तर तो दारातून आत येता येताच सुरू व्हायला लागला. लग्नाच्या बावीस वर्षांत तो एवढं बोलला नव्हता. त्याला नकला येतात हेही तिला ठाऊक नव्हतं.

एकविसाव्या दिवशी ती दवाखान्यात एकटीच गेली. "मी येतो ना," तो म्हणाला, पण तिने मान हलवली. जे काही असेल ते आधी एकटीने ऐकायचं होतं. डॉक्टरांनी घशात आरसा घातला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आता म्हणा, आऽ."

ती घरी आली तेव्हा नवरा दुकानातून लवकर येऊन टेबलाशी बसला होता. बूटही काढले नव्हते. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने हात वर केला.

"थांब. खुणेनेसुद्धा काही सांगू नकोस. आधी माझं ऐक. आज नाही बोललो तर परत जमायचं नाही."

ती बसली.

"आवाज नाही आला तर नाही आला. मी बोलेन. मला नीट येत नाही, पण जमेल." तो थांबला. "तू आईबद्दल विचारायचीस ना?"

शंभरदा विचारलं असेल तिने. तो अकरा वर्षांचा असताना आई रस्त्यावर गाडीखाली गेली, एवढंच तिला माहीत होतं. बाकी नेहमीचं उत्तर, 'लहान होतो, आठवत नाही.'

"आठवतंय सगळं. त्या दिवशी मी रुसलो होतो. बुटांवरून. बाहेर जाताना तिने दारातून तीनदा हाक मारली. मी ओ दिली नाही."

घड्याळ वाजत राहिलं, खालून एक सायकल घंटा वाजवत गेली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि वाट पाहिली. हळूहळू पुढचं वाक्य आलं. मग त्याच्या पुढचं. अंधार पडेपर्यंत तो बोलत होता आणि मध्येच एकदा ढसाढसा रडला. जेवून दोघं लवकर झोपली. दवाखान्यात काय झालं, ते विचारायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही.

सकाळी तो न्हाणीघरात दाढी करत होता.

"साबण संपत आलाय, येताना आणा."

"आणतो," तो म्हणाला, आणि वस्तरा गालावरच थांबला. अर्ध्या तोंडाला फेस तसाच घेऊन तो धावत बाहेर आला. "अगं! आवाज! कधी आला?"

तिने कपात चहा ओतला.

"काल दुपारी," ती म्हणाली.