विमानाची पायरी

पाचशे शहाण्णव. पडद्यावरचा आकडा तिथून हलायला तयार नव्हता. कॉम्प्युटर गेममधल्या त्या विमानाला ताशी सहाशे किलोमीटर गाठायलाच हवे होते, तेही आज पाचच्या आत. नाहीतर विमान बाद आणि डिझायनरबाईंची पाच महिन्यांची मेहनत पाण्यात.

हवेला अडेल ते सगळं तिने काढून टाकलं होतं. अँटेना गेली, दिवे गेले, रिव्हेटची डोकीसुद्धा सपाट झाली. कॉम्प्युटरमधली हवा खरी नसली तरी खरीपेक्षा खाष्ट होती, कुणाची गय करत नव्हती. उरल्या दोनच गोष्टी. शेपटावरचा उंच, डौलदार तुरा आणि कॉकपिटखाली बाहेर आलेली पायरी. दोन्ही चार-चार किलोमीटर खात होत्या. तुरा तिचा जीव की प्राण. पायरी म्हणजे देखण्या गालावरची चामखीळ.

"काढ ती पायरी," साहेब मागून म्हणाले. "बटण दाबलं की माणूस थेट आत बसतो. पायरी लागते कुणाला?"

"आपल्या पादचाऱ्याला!" शेजारच्या टेबलावरचा म्हणाला. सगळे हसले.

पादचारी म्हणजे घरून काम करणारा चाचणीवाला. त्याला ऑफिसात कुणी पाहिलं नव्हतं, आवाज तेवढा ओळखीचा. प्रत्येक विमान उडवून तो पास-नापास ठरवायचा. पण बटण दाबून आत बसेल तर शपथ! हा बाबा पडद्यावरच्या वैमानिकाला हँगरपासून चालवत आणायचा, विमानाभोवती एक फेरी मारायचा, मग पायरी चढून आत. दर वेळी. वेळकाढू आहे लेकाचा, असं सगळे म्हणायचे.

तिने पायरी उडवली. सहाशे. विमान चाचणीला गेलं.

दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

"ताई, वेग झकास. पास करतोय. फक्त पायरी दिसली नाही."

"काढली, दादा. बटणाने बसता येतं की."

"येतं ना." तो म्हणाला. "सकाळी घरचे मला उचलून खुर्चीत ठेवतात, रात्री उचलून पलंगावर. सात वर्षं झाली. विमानात तेवढा मी आपला आपण चढायचो. असू दे, हे काही कामाचं नाही."

तिला स्वतःची लाज वाटली.

"थांबा. इतक्यात पास करू नका," ती म्हणाली.

पाचला वीस मिनिटं होती. पायरी जागेवर आली. तुरा तिने मुळापासून छाटला.

"अगं, बोडकं दिसतंय ते!" साहेब ओरडले. तिने मान वर केली नाही.

पाचला दोन कमी असताना अहवाल आला. एरवी तो पानभर लिहायचा. आज तीनच शब्द होते.

"वेग सहाशे. चढलो."