आहे तिथेच बरी

फोन वाजला तसा बर्नार्ड टीव्ही बंद करायला उठला, तोवर सालोमीने रिसीव्हर उचललाही होता.

"एलिसा, बरी आहेस ना गो?"

टीव्हीवर कुवेत दिसत होतं. भोंगे वाजत होते, तोंडाला मास्क लावून माणसं पळत होती. तीन वर्षांपूर्वी एलिसा तिथल्या इस्पितळात नर्स म्हणून गेली, तेव्हा लढाईचं नावही नव्हतं. पुढच्या वर्षी तिचं लग्न उरकायचं, असं बर्नार्ड वाडीत सगळ्यांना सांगायचा. आता शेजारचा ज्युडसुद्धा कुवेतची नोकरी टाकून परत आला होता.

"सगळं शांत आहे इथे," एलिसा म्हणाली. "जेवते, झोपते. काळजी करू नका."

बर्नार्डने रिसीव्हर घेतला. "घरी ये."

"बाबा, विमानं भरलेली आहेत. शिवाय कॉन्ट्रॅक्ट..."

"राहू दे कॉन्ट्रॅक्ट. कशीही ये, पण ये."

सालोमीने रिसीव्हर जवळजवळ ओढूनच घेतला आणि फोन ठेवला.

"तिला घाबरवू नकोस. लढाई थांबेपर्यंत आहे तिथेच बरी ती."

"ज्युडच्या आईने रडून रडून पोराला बोलावून घेतलं," बर्नार्ड म्हणाला. "तुझ्या डोळ्यांत कधी पाणी दिसलं नाही मला."

सालोमी मासे साफ करायला बसली.

बुधवार होता. संध्याकाळी बर्नार्ड एलिसासाठी चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला निघाला. "वेळ लागेल," एवढंच म्हणाला.

तो वळणापलीकडे गेल्यावर सालोमीने डब्यात भात आणि कालवण भरलं. एरवी ती दुपारी, तो केळीच्या बागेत पाणी सोडत असताना निघायची. आज तिला राहवेना. बस पकडून ती एव्हरशाईन सिटी या वसाहतीत उतरली. बहीण कार्मिनचा तिथला फ्लॅट बंदच पडून असायचा आणि चावी सालोमीकडे असायची. डिसेंबरात एलिसा विमानतळावरून थेट तिथेच आली होती.

तिसऱ्या मजल्यावर तिने बेल वाजवली. एलिसाने दार उघडलं. रडून डोळे सुजले होते, तरी ती हसत होती.

आत बर्नार्ड दीड महिन्याच्या नातवाला मांडीवर घेऊन बसला होता.

"दुपारी डबा घेऊन बस पकडतेस, ते केळीतून दिसतं मला. दार लाव," तो म्हणाला. "वारा लागेल त्याला."