दंडाचं माप

आधीच सांगते, आणि मोठ्याने सांगते: यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर तोंडात उरलेले चारही दात आत्ताच्या आत्ता पडोत.

सकाळी दहाला शिवणवाल्या बाईच्या दुकानात तिचा मुलगा बाही वर सारून उभा होता. सगळी आळी त्याला पैलवान म्हणायची, तोंडावर कौतुकाने आणि पाठ फिरली की हसून. समोर जिमचा मालक. हा इतका फुगलेला की दारातून त्याला तिरकं होऊन यावं लागलं, आणि तो आत शिरताच शिलाई मशीन आपोआप चार टाके मागे सरकलं.

दोघांचं ठरलं होतं ते असं. चार महिने मालकाने विकलेली प्रोटीनची पावडर खायची. चौदाचा दंड पंधरा इंच झाला की पैलवानाला जिममध्ये पोरांना शिकवायची नोकरी. शिवाय डब्यांच्या फळीवर त्याचा फोटो, आधीचा आणि नंतरचा. पैलवानाने सहा डबे संपवले. एकेक डबा असा की त्यात तान्हं मूल आंघोळीला बसवावं. वर एका माणसाचं चित्र, त्याला मानच नव्हती. खांदे संपले की लगेच कान.

"आईच्याच टेपने घरी मोजला मी. पंधरा भरला," पैलवान म्हणाला.

"घरचं घरी. माझ्या डोळ्यांसमोर भरू दे."

कोपऱ्यात औषधांच्या दुकानाचा मालक विजारीची उंची कमी करून घ्यायला आला होता. जिमवाल्याला साक्षीदार हवाच होता.

"तुम्ही औषधवाले. तुम्हीच सांगा, आमचा माल कायदेशीर आहे की नाही?"

"आहे की. कायद्यात साखर बसते, मैदा बसतो, तुमचा डबाही बसतो. मीसुद्धा विकतो."

"झालं तर मग."

"झालं काय? पोटभर जेवणाऱ्याला त्यातून किती मिळणार? आणि वजनं त्यालाच उचलायचीत. डबा काही उचलायला येत नाही."

"यांचा खपत नाही, म्हणून जळतात," जिमवाला म्हणाला आणि टेबलावरची टेप त्याने उचलली.

पैलवानाने श्वास कोंडला, दंड फुगवला, तोंड लाल केलं. टेप फिरली. पंधरा.

"बोललो होतो ना?" मालकाने त्याच्या पाठीत अशी थाप मारली की हँगरवरचे तीन कोट खाली आले. मग त्याला स्वतःलाच राहवेना. त्याने आपलीही बाही वर करून दंडाला टेप गुंडाळली. "हे बघा. सतरा. सहा वर्षं पाटीवर लिहिलंय, तेवढेच्या तेवढे."

बाईने मशीनच्या चाकावर हात ठेवला. सुई थांबली.

"त्यातला एक वजा करा," ती म्हणाली.

"का म्हणून?"

"टेपचं टोक इस्त्रीखाली जळालं गेल्या महिन्यात. पहिला इंच मी कापून टाकला. मोजताना एक वजा धरते. याला कुठून माहीत असणार, दुकानात कधी बूड टेकलं तर ना."

औषधवाल्याने उगाचच बोटं मोजली, हिशोब एवढा सोपा असून.

"म्हणजे पोराचे चौदा. सहा डबे खाऊन जिथल्या तिथे," तो म्हणाला. "आणि तुमचे सोळा."

पैलवानाचा दंड हळूहळू खाली आला. "आई, तुला आत्ताच बोलायचं होतं? नोकरी लागत होती माझी."

"मग कधी बोलू? फोटो टांगल्यावर? माझ्या टेपने खोटं माप गेलं बाहेर, तर मी उद्या कुणाच्या अंगाला हात लावू?"

जिमवाला टेपकडे बघत होता. आता हा चिडणार, असं वाटून औषधवाल्याने विजार उराशी धरली. पण मालक चिडला नाही. त्याने टेप बोटांवरून फिरवली, कापलेलं टोक निरखलं. तोंडावर हळूहळू असा आनंद पसरला की जणू नवीन डबाच बाजारात आलाय.

"ताई, ही टेप मला देता?"

"तुम्हाला कशाला?"

"जिममध्ये लटकवतो. पोरांना उमेद येते. एका महिन्यात इंच दिसला की पुढचा डबा नेतात." त्याने टेप पैलवानाच्या हातात दिली. "तुझी नोकरी पक्की. फोटोही लागेल. ही घे आणि चल माझ्याबरोबर."

बाईने हात पुढे केला. नुसता तळहात उघडा धरला.

पैलवानाने टेपकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं. मग पुढे झाला, टेप तिच्या गळ्यात घातली आणि म्हणाला, "नको मला तसली नोकरी." खाली पडलेले तिन्ही कोट उचलून त्याने हँगरला लावले.

आता एक सांगूनच टाकते, नाहीतर घास उतरायचा नाही. टेप गळ्यात घातली, ते मी माझ्या पदरचं घातलं. कोटही त्याने उचलले नाहीत. टेप नीट गुंडाळून खिशात टाकली, आणि मालकाच्या मागोमाग गेला.

औषधवाला म्हणाला, "ताई, नवीन टेप आणून देऊ का?"

"बसा," बाई म्हणाली. तिने एक लांब दोरा तोडला, त्याच्या पायाला लावला आणि घोट्यापाशी मापाची गाठ मारायला घेतली. गाठ नीट बसेना. तिने तीनदा सोडवली.